चौकटीचा भरवसा

२००२ सालच्या जूनपर्यंत टोकियोत दुकानात जाऊन भास घडवणारी भूछत्रं उघडपणे विकत घेता येत. सायलोसायबिन या रसायनावर बंदी होती, पण ते ज्यात निसर्गतःच असतं त्या भूछत्रांचा कायद्यात उल्लेख नव्हता. ‘खाण्यासाठी नाही, पाहण्यासाठी’ एवढं म्हटलं की विक्रेत्याचं भागायचं. त्या वर्षी जपान आणि दक्षिण कोरियात फुटबॉलचा विश्वचषक भरला, जगभरातून पाहुणे येऊ लागले, आणि त्याच सुमारास सरकारने ही पळवाट बुजवली. २००२ मध्येच ‘अल्ट्रा हेवन’ या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड बाजारात आला. त्यातलं शहर नजीकच्या भविष्यातलं आहे. तिथे मनःस्थिती बदलणारी द्रव्यं कायदेशीर आहेत आणि लोक संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हव्या त्या भावनेची मात्रा घ्यायला बारमध्ये जातात.

या मांगाचे लेखक-चित्रकार केइइची कोइके यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पुण्या-मुंबईतली कॉलेजची मुलं ‘नारुतो’ आणि ‘वन पीस’ तोंडपाठ सांगतात. ओसामू तेझुकांचा ‘बुद्ध’ भारतात इंग्रजीतून छापला गेला, तोही अनेकांच्या कपाटात आहे. कोइकेंचं तसं नाही. जन्म १९६०चा. १९७६ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, त्यांना तेझुकांच्या नावाने नवोदितांना दिलं जाणारं पारितोषिक मिळालं. इतक्या लहान वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. त्या कथेचं नाव होतं ‘उराशिमा’. उराशिमा तारो हा जपानी लोककथेतला कोळी. कासवाचा जीव वाचवतो, समुद्रतळाच्या महालात थोडे दिवस पाहुणचार घेतो आणि गावी परततो तर तिथे शेकडो वर्षं उलटलेली असतात. जाऊन आलेल्या माणसाला परतायला जागाच उरलेली नसते, ही त्या कथेतली भीती. पंचवीस वर्षांनी कोइकेंनी तीच भीती एका व्यसनी माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवली.

त्या माणसाचं नाव काबू. बारमधल्या कायदेशीर मात्रांनी त्याचं समाधान होत नाही. रोजची मात्रा बोथट झाली की त्याहून तीव्र काहीतरी हवं असतं, आणि त्या शोधात ‘अल्ट्रा हेवन’ नावाचं द्रव्य त्याच्या हाती पडतं. कथानक म्हणाल तर एवढंच. पुढे जे होतं ते सांगण्यासारखं नाही, पाहण्यासारखं आहे.

मांगाचं पान उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचायचं असतं. चौकट म्हणजे एक क्षण. दोन चौकटींमधली पांढरी फट म्हणजे मधे गेलेला वेळ. पहिल्या चौकटीत हात पेल्याकडे जातो, दुसरीत पेला ओठांशी असतो, मधला प्रवास वाचक स्वतःच पुरा करतो. हे आपण इतक्या सहज करतो की चौकट दिसेनाशीच होते. पात्र खोटं बोलेल, निवेदक फसवेल, पण पानावरची ती काळी रेघ कधी फसवणार नाही असा आपला भरवसा असतो. कोइके वार करतात तो या भरवशावर.

सुरुवातीची पानं शिस्तीची आहेत. नेमकी रेषा, काटेकोर यथादर्शन, इमारतींचा, वायरींचा, माणसांच्या सुरकुत्यांचा बारीक तपशील. मग द्रव्य शरीरात उतरतं आणि चौकटीच्या कडा वाकू लागतात. एका चौकटीतला चेहरा शेजारच्या चौकटीत ओघळतो. चौकटी पानभर गोल फिरतात, लहान होत होत मध्याकडे ओढल्या जातात, आणि वाचायची दिशा कळेनाशी होते. डोळा उजवीकडून डावीकडे जायला बघतो, पान त्याला भलतीकडे नेतं. काबूला वेळेचं भान राहत नाही असं कुणी लिहून सांगत नाही. आपलंच भान जातं, कारण वेळ मोजायची पट्टीच मोडलेली असते.

आणि मग तो जागा होतो. पुन्हा नीट चौकट, पुन्हा नेमकी रेषा, खोली, भिंत, छत. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. दोन पानांनी त्या नीट चौकटीतच काहीतरी बिनसलेलं दिसतं आणि कळतं, हे जागेपण नव्हतंच. असं एकदा झालं की पुढची प्रत्येक सरळ चौकट संशयित ठरते. सिनेमात ही युक्ती पुष्कळांनी केली आहे, कादंबरीत त्याहून जास्त. पण सिनेमा पुढे सरकत राहतो, थांबून खात्री करून घ्यायची सोय प्रेक्षकाला नसते. मांगा हातात असतो. मागे जाऊन पाहता येतं. मी मागे गेलो, चौकटीच्या रेघांची जाडी तपासली, काबूच्या खोलीतल्या वस्तूंच्या जागा ताडून पाहिल्या. जागं आणि भासातलं यांच्यातली सीमा कुठे तरी काढलेली असेल म्हणून शोधली. ती काढलेली नाही. एकच माणूस, एकच लेखणी, एकच शाई दोन्ही जगं काढते, मग फरक दिसणार तरी कुठे? हा या पुस्तकाचा सर्वांत गंभीर विचार आहे आणि त्यासाठी एकही तात्त्विक संवाद खर्ची पडलेला नाही.

वाकणाऱ्या रेषा, भोवरे, बोगदे, जाळ्या हे चित्रकाराचे नुसते लहरी खेळ नव्हेत. १९२०च्या दशकात हाइनरिश क्ल्यूव्हर या मानसशास्त्रज्ञाने मेस्कलिन घेतलेल्या लोकांना काय दिसतं याच्या नोंदी तपासल्या आणि त्यात चार घाट पुन्हा पुन्हा आढळले: जाळी किंवा मधाच्या पोळ्यासारखी रचना, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि मळसूत्र. माणसं वेगळी, त्यांचे देश वेगळे, घाट तेच. पुढे १९७९ मध्ये अर्मनट्राउट आणि कोवन या गणितज्ञांनी त्याचं स्पष्टीकरण मांडलं. डोळ्याच्या पडद्यावरची वर्तुळाकार मांडणी मेंदूच्या दृष्टिकेंद्रात उमटताना ताणली जाते आणि जवळपास सरळ पट्ट्यांसारखी पसरते. या केंद्राचा तोल ढळला की त्यात साध्या पट्ट्यांच्या लहरी उठतात. त्याच लहरी माणसाला वर्तुळं, बोगदे आणि मळसूत्रं म्हणून दिसतात. म्हणजे द्रव्य घेतलेला माणूस दुसरं जग पाहत नसतो, तो ज्यातून पाहतो त्या यंत्राची वीण पाहत असतो. कोइके पानाशी हेच करतात. गोष्ट ज्यातून दिसते त्या चौकटीलाच ते गोष्टीत आणतात. त्यांनी क्ल्यूव्हर वाचला असेल की नसेल, त्याने काही बिघडत नाही. हात अचूक पडला आहे.

जपानमध्ये असं पुस्तक निघालं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, कारण अमली पदार्थांबाबत त्या देशाइतकी कडक भूमिका फार थोड्यांची आहे. १९८० च्या जानेवारीत गायक पॉल मॅकार्टनी यांना नारिता विमानतळावर गांजासह पकडलं, नऊ-दहा दिवस कोठडीत ठेवलं आणि दौरा रद्द करायला लावून परत पाठवलं. उत्तेजक द्रव्य स्वतःपुरतं बाळगलं किंवा घेतलं तरी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गांजाच्या बाबतीत मात्र १९४८च्या कायद्याने बाळगणं हा गुन्हा ठरवला होता, ओढणं नव्हे. ती त्रुटीही डिसेंबर २०२४ मध्ये संपली. पण या कडकपणामागे एक जखम आहे, ती पाहिल्याशिवाय काबूचं शहर नीट कळत नाही.

नागायोशी नागाई हे आधुनिक जपानी औषधशास्त्राचे एक संस्थापक. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दम्यावर वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं काढलं आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथाम्फेटामाइन तयार केलं. त्याचं पुढे काय होणार याची त्या वेळी कुणाला कल्पना असणं शक्यच नव्हतं. १९४१ मध्ये ते ‘हिरोपॉन’ या नावाने औषध म्हणून बाजारात आलं. थकवा घालवणारं, झोप उडवणारं. युद्धात ते सैनिकांना मिळालं, वैमानिकांना मिळालं, कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनाही मिळालं. युद्ध हरल्यावर साठे बाहेर पडले आणि भुकेल्या, बेघर शहरांत हिरोपॉन पसरलं. लेखकही त्यातून सुटले नाहीत. आंगो साकागुची आणि साकुनोसुके ओदा या दोघांच्याही लेखनाला आणि प्रकृतीला त्याचा स्पर्श आहे. ओदा तर १९४७ मध्ये क्षयाने गेले, तेहतिसाव्या वर्षी. १९५१ मध्ये सरकारने स्वतंत्र कायदा केला तरी साथ ओसरली नाही. १९५४ या एका वर्षात त्या कायद्याखाली पंचावन्न हजारांहून अधिक लोकांना अटक झाली.

हा इतिहास मला इथे एवढ्यासाठीच आणावासा वाटतो की हिरोपॉन हे पळून जाण्याचं द्रव्य नव्हतं. ते कामाला जुंपण्याचं द्रव्य होतं. राज्याने आणि कारखान्याने माणसाच्या थकव्यावर शोधलेला तो उपाय होता. कोइकेंच्या शहरातले बारही तसेच आहेत. तिथे कुणी झिंगून रस्त्यात पडत नाही. मात्रा मोजून मिळते, अनुभवी माणूस समोरच्याची प्रकृती पाहून मिश्रण बनवतो. आनंद हवा तर आनंद, दुःख हवं तर दुःखही. ते संपलं की माणूस घरी जातो आणि सकाळी कामावर हजर होतो. मला त्या पानांवर सर्वांत जास्त भीती वाटली ती याची. स्वतःचं असं दुःखसुद्धा ज्याला होत नाही, मागवावं लागतं, तो माणूस ‘खरं काय’ हे कशावरून ठरवणार? काबूची हाव ओंगळ आहे, त्याच्याबद्दल प्रेम वाटावं असं लेखकाने काही केलेलं नाही. पण त्या नीटनेटक्या ग्राहकांच्या गर्दीत खरोखर काहीतरी हवं असलेला तो एकटाच आहे.

मांगात गोळीला मध्यवर्ती जागा आधी कात्सुहिरो ओतोमो यांनी दिली. त्यांचा ‘आकिरा’ डिसेंबर १९८२ मध्ये ‘यंग मॅगझिन’मध्ये सुरू झाला आणि १९९० मध्ये दोन हजारांहून जास्त पानांवर संपला. त्यातला कानेदा नावाचा मोटारसायकलवाला पोरगा पाठीवर कॅप्सूलचं चित्र असलेलं लाल जाकीट घालतो. ते जाकीट आज जगभर ओळखलं जातं. त्याचा मित्र तेत्सुओ याच्यात अमानवी शक्ती जागी होते आणि तिला आवरण्यासाठी त्याला सरकारी प्रयोगशाळेतल्या गोळ्या लागतात, ज्या साध्या माणसाच्या जिवावर बेतू शकतात. तिथेही द्रव्य सत्तेच्या ताब्यात आहे. फरक असा की ओतोमोंच्या हाती शहर कोसळतं आणि चौकट शाबूत राहते. इमारती पडताना प्रत्येक काच मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र. कोइकेंच्या हाती शहर उभंच राहतं, ते पाहायची रीत कोसळते. दोघांनाही फ्रेंच चित्रकार मोबियस, म्हणजे झाँ जिरो, यांच्या बारीक, श्वास घेणाऱ्या रेषेने वेड लावलं होतं हे पानापानावर दिसतं. मोबियस यांनी १९७५ पासून ‘मेताल ऊर्लाँ’ या नियतकालिकात शब्दांविना आणि आधी आखलेल्या कथानकाविना चित्रकथा काढल्या. त्यातून एक आख्खी पिढी मोकळी झाली.

जपानी साहित्यातला याहून जुना पूर्वज म्हणजे युमेनो क्युसाकु यांची १९३५ सालची ‘दोगुरा मागुरा’ ही कादंबरी. एक तरुण मनोरुग्णालयाच्या खोलीत जागा होतो, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, आणि त्याला वाचायला दिलेल्या कागदपत्रांतूनच त्याची कथा घडत जाते. वाचणाऱ्याचं डोकं फिरतं अशी तिची ख्याती आहे. त्याहीआधी, बाराव्या शतकातल्या ‘कोंजाकु मोनोगातारीशू’ या कथासंग्रहात क्योटोजवळच्या डोंगरात वाट चुकलेल्या भिक्षुणींची गोष्ट येते. भुकेने त्या भूछत्रं खातात आणि नाचू लागतात, थांबता थांबत नाहीत. लाकूडतोडे त्यांना पाहून घाबरतात, पण भूक त्यांनाही आहे. तेही खातात, तेही नाचतात. गोष्ट कुणालाही शिक्षा करत नाही. नशा उतरते, सगळे डोंगर उतरून आपापल्या वाटेला लागतात. दुकानातली भूछत्रं कायद्याने हटवली त्या देशाच्या स्मृतीत ही गोष्ट आठशे-नऊशे वर्षं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

मराठी वाचकाला मात्र ‘अल्ट्रा हेवन’ वाचताना ‘योगवासिष्ठ’ आठवल्याशिवाय राहणार नाही. मला लवण राजा आठवला. दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, समोर घोडा दिसतो आणि राजा निश्चल होतो. दरबाऱ्यांच्या दृष्टीने थोडाच वेळ जातो. राजाच्या दृष्टीने तो त्या घोड्यावर बसून रानात जातो, चांडाळाच्या मुलीशी लग्न करतो, त्याला मुलं होतात, दुष्काळ पडतो आणि भुकेल्या मुलासाठी तो स्वतःला आगीत झोकून देतो. तेवढ्यात सिंहासनावर जाग येते. सगळा भास होता म्हणावं तर पुढे तो शोधत जातो आणि ते गाव खरंच सापडतं. त्याच्या नावाने रडणारी म्हातारी सासूही सापडते. आपल्याकडे हे सांगायला आणि ऐकायला कुणाला अवघड गेलं नाही, कारण सांगणारा वसिष्ठ होता आणि ऐकणाऱ्या रामाला त्यातून बाहेर काढायची जबाबदारी त्याने घेतली होती. काबूला वसिष्ठ नाही. त्याला द्रव्य विकणारा भेटतो, उतरवून घेणारा भेटत नाही.

की भेटतो? दुसऱ्या खंडापासून (२००५) पुस्तकाचा रोख बदलतो. द्रव्याच्या जागी ध्यान येतं. बाहेरून काही न घेता मन कुठवर जातं याचा शोध सुरू होतो, आणि तिसऱ्या खंडात (२००९) तोच मुख्य विषय बनतो. अनेक वाचकांना हे वळण अध्यात्माची सोयीस्कर वाट वाटलं आहे. मला तसं वाटत नाही, कारण कोइके ध्यानालाही सूट देत नाहीत. झेन परंपरेत साधकाला बसल्या जागी दिसणाऱ्या दृश्यांबद्दल आधीच बजावलेलं असतं. प्रकाश दिसेल, बुद्ध दिसेल, भिंत वितळेल. या अवस्थेला ‘माक्यो’ म्हणतात, आणि गुरू सांगतो की तिला घाबरायचं नाही, कवटाळायचंही नाही. बसून राहायचं. दिव्य दर्शन झालं म्हणून कुणी हर्षाने सांगायला गेलं तर त्याला पुन्हा श्वास मोजायला पाठवतात. काबू नेमका यात नापास होणारा माणूस आहे. त्याला दर्शनच हवं असतं, आधीच्याहून मोठं. द्रव्य बदललं, रीत बदलली, हाव तीच राहिली. त्यामुळे ध्यानाच्या पानांवरही चौकटी तितक्याच निर्दयपणे वितळतात आणि मुक्ती म्हणून जे समोर येतं तेही आणखी एक खोटं जागेपण असू शकतं. सुंदर काढलेली, पानभर उलगडणारी ही दृश्यं पाहताना मन हरखतं आणि त्याच वेळी आपणही काबूसारखंच पुढचं दर्शन मागत पानं उलटतो आहोत हे लक्षात येतं.

हे काम ज्या नियतकालिकात झालं त्या ‘कॉमिक बीम’चा उल्लेख करायलाच हवा. १९९५ पासून निघणारं हे मासिक लाखोंच्या खपाच्या स्पर्धेत कधी नव्हतं. काओरू मोरींची ‘एम्मा’ तिथलीच, मारी यामाझाकींची ‘थेर्मे रोमाए’ तिथलीच. पहिलीत व्हिक्टोरियन इंग्लंडमधली मोलकरीण, दुसरीत प्राचीन रोममधला स्नानगृहांचा वास्तुकार. साप्ताहिकांत दर आठवड्याला ठरलेली पानं द्यावी लागतात आणि वाचकांच्या कौलावर मालिका जगते किंवा मरते. तिथे एका भासासाठी एवढी पानं खर्चायला कोइकेंना कुणी परवानगी दिली नसती. सात वर्षांत तीन खंड हा वेग मांगाच्या धंद्यात फार संथ आहे. पण चौकटी मोडायच्या तर प्रत्येक पानाची घडण नव्याने शोधावी लागते, मागच्या पानाची युक्ती पुढच्याला चालत नाही. वेळ जाणारच.

तिसऱ्या खंडानंतर मात्र मालिका थांबली आणि गोष्ट अर्धीच राहिली. वास्तवाचा तळ शोधणाऱ्या मांगाच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आलं. सातोशी कोन यांनी, ‘परफेक्ट ब्लू’ आणि ‘पाप्रिका’ हे चित्रपट करण्याच्या आधी, ‘ओपस’ नावाची मालिका काढली होती. तिच्यात एक मांगाकार आपल्याच मांगात पडतो. १९९६ मध्ये नियतकालिक बंद पडलं आणि मालिका तुटली. २०१० मध्ये कोन गेले, तेव्हा त्यांच्या कागदांत शेवटच्या प्रकरणाचं पेन्सिलीतलं कच्चं रेखाटन सापडलं. ते पुस्तकात तसंच छापलं गेलं.

अर्धवट राहणं या विषयाला शोभतं असं म्हणणारे वाचक आहेत. जागेपणाचा शेवट नाही तर पुस्तकाला तरी का असावा, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. पहिल्या खंडाने एक प्रश्न शहराबद्दल विचारला होता आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडांत ते शहर मागे पडत गेलं. मात्रा मोजून देणारे ते बार, तिथे रांगेत दुःख मागवणारी माणसं, त्यांना ते कायदेशीरपणे पुरवणारी व्यवस्था, यांचं काय झालं? काबू खरोखर जागा झाला तर त्याला याच शहरात जागं व्हावं लागेल, आणि मिश्रण बनवणारा तो अनुभवी माणूस काउंटरपलीकडे उभा असेल. कोइकेंनी चौथा खंड काढला तर मला आणखी एक भोवरा नको आहे. सरळ चौकटीत, पहिल्या पानांइतक्याच शिस्तीच्या रेषेत, काबू त्या बारमध्ये शिरताना आणि काय हवं असं विचारल्यावर काहीतरी उत्तर देताना मला पाहायचा आहे.